वजन कोणी बदलायचे?

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांदा, मका येतो. तिथल्या खरेदी-विक्रीचा प्रोग्रॅम लिहायचा तर ‘वक्कल’ (विक्रीला आलेल्या मालाचा एक लॉट) हा क्लास आणि आवारात उतरलेले प्रत्येक वक्कल हा त्याचा ऑब्जेक्ट. वजन व भाव आत प्रायव्हेट ठेवायचे, ते बदलायचे फक्त ठरलेल्या मेथडमधून. शून्याखालचे वजन ती मेथडच नाकारते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचा गाभा मला इथे दिसतो, इनहेरिटन्समध्ये नाही. १९६० च्या दशकात ओस्लोमध्ये डाल आणि निगार्ड यांनी सिम्युला ही प्रोग्रॅमिंग भाषा घडवली, तीही प्रत्यक्ष व्यवहारांची नक्कल संगणकावर उभी करण्यासाठीच. लहान कामाला नुसती फंक्शन्स पुरतात, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रोग्रॅम वाढला, तोच नियम दहा ठिकाणी लिहिला गेला, की बदल करताना एखादे ठिकाण हमखास सुटते. क्लासमध्ये तो नियम एकदाच लिहावा लागतो.