शवागारातील परिचर

अक्कलकोटपलीकडे, कर्नाटकाच्या सीमेकडे असलेल्या मैंदर्गीच्या शिवारात कोणा शेतकऱ्यास सर्पदंश होऊन त्याचे प्राण गेले, अथवा कोणी फवारणीचे औषध प्राशन केले, म्हणजे घरातला आकांत ओसरण्यापूर्वीच आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचांच्या सह्यांची मरणोत्तर पंचनाम्याची फर्द आणि शवविच्छेदन हे सारे सोपस्कार दारात येऊन उभे राहतात. ते विच्छेदन तालुक्याच्या रुग्णालयात होवो की सोलापूरच्या ‘सिव्हिल’मध्ये, डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून त्यातील जड हातकाम पार पाडणारा शवागारातील परिचर त्या कुटुंबास बहुधा अज्ञातच राहतो.

‘चिरफाड नको’ ही आप्तांची विनवणी स्वाभाविक आहे आणि तिची हेटाळणी कोणी करू नये. परंतु पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ अन्वये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ अन्वये जी चौकशी चालते, तिच्यात मृताच्या वतीने बोलणारा पुरावा बहुतेक वेळा त्याचा देहच असतो. विवाहानंतर सात वर्षांच्या आत आत्महत्या केलेल्या अथवा संशयास्पद स्थितीत मरण पावलेल्या स्त्रीची कैफियत दुसरे कोण मांडणार? सर्पदंशाने गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान मागतानाही शवविच्छेदनाच्या अहवालाचाच आधार लागतो.

मृत्यूच्या कारणाविषयीचे मत डॉक्टरांचे. परंतु त्या मतास लागणारी सामग्री शाबूत राखणे बव्हंशी परिचराच्या हातात असते. विषप्रयोगाचा संशय असेल तर जठर व त्यातील द्रव्य, लहान आतड्याचा तुकडा, सुमारे ५०० ग्रॅम यकृत आणि प्रत्येक मूत्रपिंडाचा अर्धा भाग रुंद तोंडाच्या बरण्यांत मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. वायूने बरणी फुटू नये म्हणून ती काठोकाठ न भरता दोन तृतीयांशच भरावयाची, द्रावणाचा निराळा नमुना सोबत द्यावयाचा, आणि चिठ्ठी व मोहर झाल्यावर तो मुद्देमाल पोलिसांच्या स्वाधीन करावयाचा. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, तर पुढे न्यायालयात उभा राहणारा पुरावाच कोलमडतो. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात शीतकक्षाचे तापमान ४ अंशांच्या आसपास राखणे, हेही म्हणूनच केवळ दुर्गंधी टाळण्याचे काम नव्हे.

मला या कामातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो मात्र शेवटचा. कवटी उघडताना छेद एका कानामागून माथ्यावरून दुसऱ्या कानामागे नेतात, चेहऱ्यावरून नव्हे. मेंदूची तपासणी झाली की कवटीची टोपी जागच्या जागी बसवून शिरोत्वचा पुन्हा वर ओढून घेतात आणि जाड दोऱ्याने असे जवळजवळ टाके घालतात की, ते केसांत दडून जावेत. छातीपोटाचा लांब छेद त्याच रीतीने शिवून, देह धुऊन, पुसून, पांढऱ्या कापडात गुंडाळला जातो. आईला मुलाचे मुख ओळखू येते ते या शिवणीमुळे. घाईने घातलेले सैल टाके पाझरू लागले म्हणजे अंत्ययात्रेत काय गुदरते, हे ज्याने पाहिले आहे त्यास या कसबाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

असे असूनही आपल्याकडे हे काम पुष्कळ ठिकाणी सफाई कामगारावर सोपविले गेले, म्हणजेच पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य लेखलेल्या समाजांतील माणसांवर; आणि शिक्षण म्हणजे ज्येष्ठाच्या हाताकडे पाहून शिकणे, एवढेच राहिले. ब्रिटनमध्ये याच कामासाठी ‘अ‍ॅनाटॉमिकल पॅथॉलॉजी टेक्नॉलॉजिस्ट’ हे पद असून त्यासाठी रीतसर अभ्यासक्रम व परीक्षा आहेत. शिवाय या कामात कवटी कापणाऱ्या करवतीच्या उडणाऱ्या कणांतून क्षयाचा आणि सुईच्या एका टोचणीतून काविळीचा संसर्ग होऊ शकतो. सोलापुरात १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथेच जिल्ह्यातील परिचरांसाठी असा अभ्यासक्रम चालवावा, उत्तीर्ण होणाऱ्यास तंत्रज्ञाचा हुद्दा व त्या हुद्द्याचे वेतन मिळावे, आणि कावीळ-ब ची लस, जाड हातमोजे व मुखपट्टी तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत मागणी न करता पोहोचावी.