गावाच्या गायरानावरचं वळण

गोल्फच्या जुन्या नियमांत एक कलम धुण्याचं आहे. चेंडू वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन पडला, तर कपडा हळूच खालून ओढून घ्यावा. धुण्याचा टब आडवा येत असेल, तर तो बाजूला सरकवावा आणि पुढे खेळावं. हा विनोद नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने एकोणिसाव्या शतकात छापलेल्या नियमांत ही तरतूद होती, कारण तिची रोज गरज पडायची. गावातल्या बायका ओढ्यावर कपडे धूत, शेजारच्या गवतावर पसरून ठेवत. तेच गवत गोल्फचं मैदान होतं. दोघांचाही त्या जमिनीवर हक्क होता.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की भिंतीपलीकडची हिरवळ आठवते. पुण्यात येरवड्याला, मुंबईत चेंबूरला रिक्षातून जाताना झाडांच्या फटीतून दिसली तर दिसते. त्यामुळे ज्या मैदानाला जगभरचे गोल्फवाले पंढरी मानतात, ते गावाचं गायरान आहे हे कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग उत्सुकता वाटली. मी स्वतः गोल्फ खेळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण या मैदानातले सलग पाच होल पाहायचे म्हणून एका रविवारी तिथे गेलो. रविवारीच का, ते पुढे येईल.

सेंट अँड्र्यूज हे फाइफ परगण्यातलं समुद्रकाठचं छोटं गाव. 1413 मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, मध्ययुगीन कॅथेड्रलच्या उभ्या राहिलेल्या भिंती, राखाडी दगडांची घरं, तीन मुख्य रस्ते. आगगाडी इथे येत नाही. गावाचा लोहमार्ग 1969 मध्ये बंद झाला. ल्यूकर्सला उतरून बस धरायची. गावाच्या टोकाला घरं संपतात आणि तिथेच, कुंपण नाही, फाटक नाही, थेट ओल्ड कोर्स सुरू होतो.

अशा जमिनीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्राची पुळण आणि आतली शेतं यांच्या मधला वाळूचा, खुरट्या गवताचा, उंचसखल पट्टा. पीक येत नाही, म्हणून कुणी नांगरला नाही. मेंढ्या चरल्या, सशांनी बिळं केली, आणि लोक काठ्या घेऊन चेंडूमागे लागले. हे वेड इतकं वाढलं की 1457 मध्ये राजा दुसरा जेम्स याने गोल्फवर बंदी घातली; लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसतात, ही तक्रार. बंदी पाळली गेली नाही हे सांगायला नकोच. 1552 मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी या लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य केला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिकेचं दिवाळं वाजलं, जमीन सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि ससे विरुद्ध गोल्फवाले अशी कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. 1821 मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीच्या जेम्स चीप यांनी जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. 1894 मध्ये ती पुन्हा गावाकडे आली. आज एक विश्वस्त संस्था तिचा कारभार पाहते.

हा इतिहास सांगितला, कारण त्या पाच होलांचा आकार यातूनच आला आहे.

पट्टा अरुंद. त्यामुळे मूळ मैदान म्हणजे ओळीने केलेली बारा होल. गावापासून अकरा खेळत टोकाला जायचं आणि त्याच वाटेने अकरा खेळत परत यायचं, एकूण बावीस. 1764 मध्ये सुरुवातीची चार होल फार आखूड वाटली म्हणून त्यांची दोन केली. जाता-येता मिळून बावीसची अठरा झाली. जगातल्या बहुतेक गोल्फ मैदानांत अठरा होल असतात, त्यामागे एवढंच कारण आहे: एका गावाने केलेली डागडुजी.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला. त्याआधीचा चेंडू कातड्यात पिसं ठासून शिवलेला, महागडा. स्वस्त चेंडूने गर्दी वाढली, आणि एकाच होलात जाणारे आणि येणारे दोघं येऊन धडकू लागले. वाट रुंद केली, ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) मोठी केली आणि प्रत्येक ग्रीनवर दोन भोकं पाडली: एक जाणाऱ्यांचं, एक येणाऱ्यांचं. अशी सात जोड-ग्रीन इथे आजही आहेत. दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, चौथं आणि चौदावं... कुठलीही जोडी घ्या, बेरीज अठराच येते. जाणाऱ्यांचं निशाण पांढरं, येणाऱ्यांचं लाल.

सहा होलांपर्यंत ही सरळ वारी. डाव्या हाताला परतीची वाट, उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं, त्यांच्यावर पिवळी फुलं. खरं सांगायचं तर या भागात अनोळखी माणसाला काहीच कळत नाही. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, दिसत नाहीत, कारण ते चढाच्या मागे दडलेले आहेत. मैदानात एकूण 112 बंकर आहेत असं सांगतात, पण चालताना मला पायाखाली आल्यावरच एकेक सापडत गेला.

सातव्या होलाला वाट मोडते. इथून अकराव्यापर्यंतच्या पट्ट्याला ‘लूप’ म्हणतात. काही जण बारावंही त्यात धरतात. छत्रीच्या दांड्याची मूठ जशी वळते, तसं मैदान टोकाला गोल फिरून गावाकडे तोंड करतं. पट्टा तिथे रुंदावतो आणि एडन नदीच्या खाडीला जाऊन भिडतो. पाच होल मिळून पार अठरा, म्हणजे चांगल्या खेळाडूने अठरा फटक्यांत ही पाच संपवावीत अशी अपेक्षा. अख्ख्या मैदानात पार तीनची होल दोनच आहेत, आठवं आणि अकरावं, आणि दोन्ही इथेच. नववं आणि दहावं सपाट, आखूड. वारा नसेल त्या दिवशी इथे फटके वाचवायचे आणि उरलेल्या वाटेवर ते खर्च करायचे, असा हिशेब.

हा हिशेब जमला की काय होतं ते 1970 मध्ये टोनी जॅकलिनने दाखवलं. ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या पहिल्या दिवशी नवव्या होलावर त्याचा दुसराच फटका थेट भोकात गेला आणि पहिली नऊ होल त्याने 29 फटक्यांत संपवली. मग वीज-पाऊस आला आणि चौदाव्यावर खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ती लय परत आली नाही. 2022 मध्ये कॅमेरॉन स्मिथने शेवटच्या दिवशी दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत सलग पाच बर्डी केल्या, म्हणजे प्रत्येक होलावर पारपेक्षा एक फटका कमी. चार फटक्यांनी मागे असलेला हा ऑस्ट्रेलियन 64 करून, एकूण पारखाली 20 वर ओपन जिंकला. त्याच्या विजयाची सुरुवात वळणाच्या शेवटी झाली, गावाकडे तोंड फिरल्यावर.

पण लूपचा जीव आकड्यांत नाही, सातव्या आणि अकराव्याच्या फुलीत आहे. सातवं खेळणारे ज्या ग्रीनकडे चाललेले असतात, त्याच ग्रीनकडे अकराव्याची माणसं दुसऱ्या बाजूने चेंडू मारत असतात, आणि दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात. आजचा कुठलाही आखणीकार असं आरेखन कागदावर काढणार नाही. काढलं तर विमा कंपनी दारात येईल. इथे ते चाललंय, कारण ते कुणी कागदावर काढलंच नव्हतं. एकाने थांबायचं, दुसऱ्याने मारायचं, हात वर करायचा, पुढे जायचं. आपल्या गावच्या अरुंद पुलावर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की जे होतं, तेच.

त्या ग्रीनपाशी मी बराच वेळ काढला. अकरावं होल जेमतेम 174 यार्डांचं, म्हणजे दीडशे-एकशेसाठ मीटर. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, पाहिलं तर ग्रीन समोर मांडून ठेवलेलं, मागे खाडीचं राखाडी पाणी. डावीकडे हिल नावाचा बंकर, उजवीकडे पुढ्यात स्ट्रॅथ; गावातल्या गोल्फ खेळणाऱ्या स्ट्रॅथ बंधूंचं नाव. लांबून सगळं निरुपद्रवी दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की ग्रीन मागून पुढे चांगलंच उतरतं आहे. चेंडू भोकाच्या वर राहिला तर खाली येताना थांबत नाही. खाली राहावा म्हणून आखूड मारला तर स्ट्रॅथ वाट पाहतोय. बंकरची भिंत गवताच्या लाद्या एकावर एक रचून बांधलेली, विटांच्या थरांसारखी. काठावर उभं राहून आत डोकावलं तर आतला माणूस झेंडा कसा पाहत असेल, हा प्रश्न पडतो. पाहत नाही, हे उत्तर.

वर वारा. 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी इथल्या ग्रीनवर थांबलेले चेंडू आपसूक हलू लागले. खेळ साडेदहा तास बंद ठेवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

याच होलावर 1921 मध्ये एकोणीस वर्षांच्या बॉबी जोन्सने हार मानली. अमेरिकेतून आलेला, अफाट गुणी, डोकं तापट. ओपनच्या तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊलाच 46 फटके गेलेले, अकराव्यावर चेंडू बंकरमध्ये अडकला, आणि त्याने डाव तिथेच सोडला. गोल्फमध्ये हे वागणं शोभत नाही, आणि ते त्याला आयुष्यभर सलत राहिलं. गावानेही त्याला काही लगेच डोक्यावर घेतलं नाही. पण तो परत आला. 1927 ची ओपन याच मैदानावर जिंकला, 1930 ची ब्रिटिश अमॅच्युअरही इथेच. 1958 मध्ये गावाने त्याला आपला मानद नागरिक केलं. त्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, 1759 मध्ये. तोवर जोन्सला मज्जारज्जूच्या आजाराने नीट चालताही येत नव्हतं. समारंभ संपवून तो सभागृहाबाहेर निघाला, तेव्हा लोक आपण होऊन एक जुनं स्कॉटिश निरोपगीत गाऊ लागले. त्याच्या मृत्यूनंतर दहाव्या होलाला त्याचं नाव दिलं. म्हणजे ज्या होलावर तो हरला, त्याच्या अगदी अलीकडचं. हे कुणी मुद्दाम केलं की जुळून आलं, मला ठाऊक नाही. पण दहाव्यावरून अकराव्याच्या टीवर जाताना ते जाणवतं.

जोन्सचा मित्र आणि आखणीकार ॲलिस्टर मॅकेंझी याने 1924 मध्ये हे अख्खं मैदान मोजून त्याचा नकाशा काढला. पुढे दोघांनी मिळून अमेरिकेत ऑगस्टाचं मैदान उभं केलं. सलग होलांचा विषय निघाला की गोल्फवाले बहुधा ऑगस्टाचंच नाव घेतात: अकरावं, बारावं, तेरावं, ज्याला ‘आमेन कॉर्नर’ म्हणतात. ते सुंदर असेलच. टीव्हीवर तरी आहे. पण तिथे शिरायला सभासदाचं बोलावणं किंवा स्पर्धेचं तिकीट लागतं. ज्या वळणावर त्या दोघांनी धडे गिरवले, ते पाहायला मला काहीच लागलं नाही.

सेंट अँड्र्यूजमध्येही जाणकार लोक लूपपेक्षा शेवटच्या दोन होलांना मान देतात. सतराव्याला पहिला फटका जुन्या रेल्वेच्या शेडसारख्या बांधलेल्या आडोशावरून मारायचा, पुढे खोल रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. 1978 मध्ये जपानच्या नाकाजिमाने तिथे नऊ फटके घालवले, 1984 मध्ये टॉम वॉटसनची ओपन त्या रस्त्यावर गेली. अठराव्यावर 1970 मध्ये डग सँडर्सचा चेंडू हातभर अंतरावरून भोकात जायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी जेतेपद जॅक निकलसकडे गेलं. नाट्य तिथे आहे, हे कबूल. पण ते प्रेक्षकांसमोरचं नाट्य आहे; हॉटेलच्या खिडक्या, क्लबहाऊस, कठड्यावर रेललेली माणसं. लूपमध्ये कुणी नसतं. खाडी, चंडोल, वारा आणि समोरून येणारी अनोळखी चौकडी. मला विचाराल तर मैदानाचा खरा स्वभाव तिथेच कळतो.

परत येताना अठराव्याच्या वाटेवर स्विल्कन ओढ्यावरचा तो दगडी पूल लागतो. फोटोत भव्य वाटतो. प्रत्यक्षात आपल्या शेतातल्या ओहोळावरच्या पुलाएवढा, दहा पावलांत संपणारा. 2023 च्या सुरुवातीला व्यवस्थापनाने त्याच्या तोंडाशी दगडी फरशी बसवली. जगभरातून इतकी ओरड झाली की ती लगेच उखडून पुन्हा गवत लावलं. मी गेलो तेव्हा पुलावर एक बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या, आणि कुत्रं खाली पाण्यात उतरायला पाहत होतं. समोर पहिल्या-अठराव्याच्या मोकळ्या मैदानात पोरं पळत होती. मध्येच एक सार्वजनिक रस्ताही आडवा जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा.

तर रविवारचं कारण हेच. ओल्ड कोर्सवर खेळायचं असेल तर हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीचा, दाखला हवा, आणि बरेच जण दोन दिवस आधी सोडतीत नाव टाकून नशीब अजमावतात. पण मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी मैदान खेळाला बंद असतं आणि गावाला खुलं. ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाय ठेवायचा नाही, एवढं पाळा. लूपपर्यंत जाऊन यायला दोन तास हाताशी ठेवा, वाऱ्यासाठी कानटोपी घ्या. तिकीट नाही.