मायक्रोवेव्ह ओव्हन

मायक्रोवेव्ह ओव्हन (सूक्ष्मलहरी भट्टी) हे विद्युतचुंबकीय लहरींच्या साहाय्याने अन्न गरम करणारे उपकरण आहे. चुलीवर उष्णता आधी भांड्याला व मग अन्नाला मिळते. येथे ती अन्नातच निर्माण होते. रडारसाठी वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेट्रॉन नलिकेचा हा उपयोग अमेरिकन अभियंता पर्सी स्पेन्सर याने १९४५ मध्ये शोधला.

कार्यपद्धती

घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारिता २४५० मेगाहर्ट्झ व तरंगलांबी सुमारे १२ सेंटीमीटर असते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धनभारित, तर दुसरे ऋणभारित असते. लहरींतील विद्युत क्षेत्र सेकंदाला सुमारे ४९० कोटी वेळा दिशा पालटते. रेणू त्यामागे वळू पाहतात, शेजारच्या रेणूंमुळे अडखळतात आणि या ओढाताणीत लहरींची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. बर्फात रेणू जखडलेले असल्याने तो लहरी फारच कमी शोषतो. म्हणून गोठलेल्या रश्श्याची कड उकळू लागते, तरी मधला खडा तसाच राहतो.

अन्न ‘आतून बाहेर’ शिजते, हा समज चुकीचा आहे. लहरी साधारणपणे दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. जुन्नर-आंबेगावकडील मासवडीची जाड वळी गरम केल्यास मधल्या सारणापर्यंत उष्णता वहनानेच पोहोचते. त्यामुळे ओव्हन थांबल्यावर ती काही मिनिटे तशीच ठेवणे इष्ट.

दारावरील जाळी

दाराच्या काचेमागील धातूच्या जाळीची छिद्रे तरंगलांबीपेक्षा खूपच लहान असतात. त्यामुळे प्रकाश बाहेर येतो, पण सूक्ष्मलहरी परावर्तित होतात. हेच तत्त्व जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत भव्य प्रमाणावर दिसते. गोविंद स्वरूप यांच्या संकल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या भरीव पत्र्याच्या नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची छिद्रे १ ते २ सेंटीमीटरची असल्याने वारा आरपार जातो. २१ सेंटीमीटर व त्याहून लांब रेडिओ लहरी मात्र परततात.

रेडिओ दुर्बिणींना ओव्हनचा उपद्रवही होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षे मिळणारे काही गूढ संकेत ओव्हन चालू असतानाच दार उघडल्याने निर्माण होत होते, असे २०१५ मध्ये उघड झाले.

या लहरींमुळे अन्न किरणोत्सर्गी होत नाही. मात्र शरीरातही पाणी असल्याने त्या ऊतींना भाजू शकतात. दार वाकलेला किंवा नीट न बसणारा ओव्हन वापरू नये.