थांबवलेला चेक

‘साहेब, तुमचा चेक कुठे सापडत नाहीये.’ एजंटचा फोन रात्री आला. कामोठ्यातल्या भाड्याच्या घराच्या डिपॉझिटचा चेक, घरमालकाच्या नावाचा, अकाउंट पेयी. परक्याला तो सहज वटवता आला नसता. भीती वेगळीच होती: मी नवा चेक दिला आणि जुना एखाद्या फायलीतून निघून तोही बँकेत भरला गेला तर?

तो चेक थांबवायला, म्हणजे ‘स्टॉप पेमेंट’चा अर्ज द्यायला, सकाळी दहाला शाखेत पोचलो. घाईला कारण होतं. ४ ऑक्टोबर २०२५पासून क्लिअरिंग दिवसभर चालू असतं. ठरलेल्या वेळात भरलेल्या चेकचं स्कॅन केलेलं चित्र लगेच पुढे जातं आणि आपल्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत हो किंवा नाही कळवावं लागतं. पूर्वी मधे एक रात्र तरी मिळायची.

काउंटरवरच्या मॅडमनी आधी चेक नंबर विचारला. सहा आकडे. मी चेकबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते म्हणून वाचलो. एक आकडा चुकला तर भलताच चेक थांबतो. अर्ज हातात घेण्याआधी त्यांनी खातं उघडून पाहिलं. ‘अजून पास नाही झालेला. झाला असता तर आम्हाला काहीच करता आलं नसतं.’ मग तारीख, रक्कम, नाव, कारण. सही नमुन्याशी ताडून पाहिली. नोंद त्यांनी केली, मंजुरी शेजारच्या अधिकाऱ्याने दिली. मोबाइलवर मेसेज आला, जीएसटीसह शुल्कही कापलं गेलं. पोचपावतीवर मी वेळ लिहून मागितली. १०:२५. शिक्क्यावर नुसती तारीख असते. वाद झालाच तर प्रश्न तासाचा असतो, म्हणून ही वेळ प्रत्येकाने मागावी असं मला वाटतं.

थांबतो तो कागद. देणं उभंच राहतं. खात्यात पैसे नाहीत म्हणून स्टॉप पेमेंटच्या आडोशाला जाणाऱ्यालाही चेक न वटणं गुन्हा ठरवणारं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये मोदी सिमेंट्सच्या खटल्यात सांगितलं आहे.

बाहेर येऊन पहिला फोन घरमालकांना केला. ‘काका, जुना चेक मिळाला तरी भरू नका, परत येईल आणि भुर्दंड तुम्हाला पडेल.’ संध्याकाळी नवा चेक त्यांच्या हातात दिला. जुना आठवड्याने एजंटच्या स्टॅम्पपेपरच्या गठ्ठ्यात निघाला. तो मागून आणला, खालच्या आकड्यांच्या पट्टीसकट फाडला.