कातडीखालचे मुरुम

‘लग्न झालं की जातील’, ‘पोट साफ ठेव’, ‘अंगात उष्णता फार’. मुरुमांचं निदान करायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही. गालावरच्या चार पुटकुळ्यांपुरतं हे चालून जातं. पण जबड्यावर, पाठीवर, छातीवर टणक, दुखऱ्या गाठी उठून महिनोन्महिने ठाण मांडतात, तेव्हा वाट पाहणं महागात पडतं. काळे डाग हळूहळू फिकट होतात. खड्डा मात्र आपणहून भरत नाही.

हा मळाचा आजार नव्हे. केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येसुद्धा, आणि ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच सुमारास केसाच्या नळीच्या तोंडाशी मृत पेशी गळून न पडता चिकटून बसतात. कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा एरवी निमूट राहणारा जीवाणू फोफावतो आणि प्रतिकारयंत्रणा चवताळते. गंभीर प्रकारात नळीची भिंतच फुटते, आतला ऐवज खोल त्वचेत सांडतो. गाठ धरते ती तिथे. बेसन-हळद कितीही घासा, तिथवर पोचत नाही. उलट घासण्याने आणि फोडण्याने दाह वाढतो.

अशा गाठींवर आधी डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक काही महिने दिलं जातं, पण एकट्याने नव्हे. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवं, नाहीतर जीवाणू औषधाला सरावतात. एवढ्याने न हटणाऱ्या गाठींसाठी मात्र आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुठल्याच उपचाराला दाद न देणारे अवघे 14 रुग्ण होते. चार महिन्यांच्या गोळ्यांनी त्यांतले 13 पूर्ण बरे झाले. आणि खरी नवलाई अशी की, गोळ्या थांबल्यावरही गुण टिकला. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध तेलग्रंथीच आकसवतं. 1982 पासून ते अमेरिकेत वापरात आहे आणि माझ्या मते मुरुमांच्या उपचारात एवढी मोठी उडी नंतर झालेली नाही.

किंमतही आहे. ओठ फुटतात, रक्तातली चरबी वाढू शकते, म्हणून रक्ततपासणी लागते. मन खचल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. सर्वांत गंभीर धोका गर्भाला. त्यामुळे गोळ्या चालू असताना आणि थांबल्यावर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, त्या काळात रक्तदानही नाही. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घ्यायची नाही, ती यासाठी.

गंमत म्हणजे या तपासलेल्या औषधाला घाबरणारी घरं मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब बिनदिक्कत वापरतात. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लाली येते आणि स्टेरॉइडचेच मुरुम उठतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. पण ट्यूब बंद केली की पहिले काही आठवडे चेहरा आणखी भडकतो. नेमकं तेव्हाच माणूस त्वचारोगतज्ज्ञाऐवजी पुन्हा दुकानाच्या काउंटरवर जातो.