आमदार पक्ष बदलतो, तरी त्याची आमदारकी का जात नाही?

पारावर बसा, एसटी स्टँडवर थांबा, नाहीतर डेअरीवर दूध घालायला जा, एक प्रश्न हमखास कानावर पडतो. आम्ही मत दिलं एका चिन्हाला, आणि निवडून आलेला माणूस आता दुसऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलाय. याला काही कायदा आहे की नाही?

कायदा आहे. १९८५ पासून आहे. तरीही २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातले दोन मोठे पक्ष फुटले आणि त्यापायी एकाही आमदाराची आमदारकी गेली नाही. हे कसं घडलं ते नीट समजून घेतलं, तर निदान राग कुठे काढायचा ते तरी कळेल.

आधी थोडं मागचं. १९६७ साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदारानं पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला. 'आयाराम गयाराम' हा शब्द तेव्हापासूनचा. आपल्याकडे १९७८ मध्ये शरद पवार काँग्रेसचे आमदार घेऊन बाहेर पडले, वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि 'पुलोद'चं सरकार आलं. तेव्हा पक्षांतराला कायद्याची आडकाठीच नव्हती. १९८५ मध्ये राजीव गांधी पंतप्रधान असताना ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. आमदारानं स्वतःहून पक्ष सोडला किंवा सभागृहात पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडून मतदान केलं, तर तो अपात्र ठरू शकतो.

पळवाट कुठे आहे?

सुरुवातीला एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर चालायचं. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं ही सवलत काढून टाकली. पण दोन-तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट उघडीच राहिली. गोव्यात २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रॉस आणि दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. एकटादुकटा गेला असता तर डोक्यावर अपात्रतेची टांगती तलवार होती. आठ जण गेले म्हणून ते झालं विलीनीकरण. म्हणजे शेळी चोरली तर चोर, आणि कळप हाकलला तर व्यापारी!

महाराष्ट्रात तर ही वाटही कुणी धरली नाही. 'आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच खरा पक्ष' असा दावा केला गेला. आता खरा पक्ष कोणता आणि अपात्र कोण, हे विधानसभेत ठरवायचं कुणी? अध्यक्षांनी. कायद्याची खरी गोम इथेच आहे.

अध्यक्ष कोण होतो? ज्याच्या बाजूला बहुमत आहे त्याचा माणूस. शिवसेनेत फूट पडली जून २०२२ मध्ये. ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ३ जुलैला राहुल नार्वेकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. ज्या आमदारांना अपात्रतेची नोटीस निघाली होती, त्यांचीही मतं या निवडीत पडली. बांधाचा वाद असावा आणि मोजणीला भावकीतलाच माणूस यावा, तसा हा प्रकार. यात एका व्यक्तीपेक्षा रचनेचा दोष मोठा आहे. खुर्चीवर दुसऱ्या पक्षाचा माणूस असता, तर संशय फक्त बाजू बदलून उभा राहिला असता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयानं राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं, शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. पण उद्धव ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिला होता, म्हणून त्यांना पुन्हा मुख्यमंत्री करता येणार नाही असंही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय मात्र परत अध्यक्षांकडेच गेला, 'वाजवी मुदतीत' घ्या असं सांगून.

वाजवी म्हणजे किती? कायद्यात आकडाच नाही. मणिपूरच्या एका प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साधारण तीन महिने म्हटलं होतं. आपल्याकडे न्यायालयाला तारीख घालून द्यावी लागली, ती पुढे ढकललीही गेली आणि निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला. दीड वर्षांनी. शिंदेंचा गट हीच खरी शिवसेना आणि दोन्ही बाजूंचं कुणीच अपात्र नाही! राष्ट्रवादीचा निकाल १५ फेब्रुवारीला आला, तिथेही कुणी अपात्र नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी निवडणूक झाली. मुदत संपत आली की शिक्षेला अर्थ काय उरतो? पक्ष बदलणारा हाच हिशेब आधी मांडतो.

आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये शिवसेना-भाजपनं एकत्र मतं मागितली. नंतर शिवसेनेनं काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार केलं. युतीकडे बघून मत देणाऱ्यांना ते पटलं असेल-नसेल, पण अख्खा पक्षच बाजू बदलतो तेव्हा हा कायदा लागूच होत नाही.

सरळ रस्ता होता की!

पक्ष पटत नसेल तर राजीनामा द्यायचा आणि नव्या चिन्हावर परत लोकांपुढे जायचं. उदयनराजे भोसलेंनी २०१९ मध्ये राष्ट्रवादीची खासदारकी सोडली, भाजपकडून पोटनिवडणूक लढवली आणि साताऱ्यानं त्यांना पाडलं, श्रीनिवास पाटील निवडून आले. पुढे २०२४ ला उदयनराजे भाजपकडूनच साताऱ्यातून लोकसभेत गेले. दोन्ही वेळा निर्णय मतदारानं केला. हे कुणाला आवडो न आवडो, व्यवहार चोख आहे.

मतदार प्रत्येक वेळी शिक्षाच करतो असंही नाही. २०१९ मध्येच कर्नाटकात १७ आमदार अपात्र ठरले. न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढवायची मोकळीक दिली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यातले बहुतेक परत निवडून आले, काही मंत्रीही झाले. तेव्हा सगळाच दोष कायद्यावर ढकलता येत नाही.

जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचं काय?

जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सदस्यांसाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. तिथे अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. निवडून आल्यावर पक्षाची किंवा आघाडीची गटनोंदणीही त्यांच्याकडेच होते, म्हणून वाद झाला की आधी तो कागद बघितला जातो. तुमच्या गटातल्या सदस्याची नोंद कोणत्या गटात आहे, हे माहिती अधिकारात अर्ज करून मागता येतं.

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, त्यामुळे तिथे पक्षांतराचा प्रश्नच येत नाही. पण थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमतानं अविश्वास ठराव केला, तरी शेवटचा शिक्का ग्रामसभेत गुप्त मतदानानं बसतो. गावाला सरपंचाच्या बाबतीत जो हा अधिकार आहे, तो आमदाराच्या बाबतीत नाही. पाच वर्षांच्या आत त्याला घरी पाठवायची कोणतीही सोय मतदाराच्या हातात आज तरी नाही.