गळा आणि पडदा : लेखांक ४ – वरच्या मजल्यावरचा आवाज

गेल्या आठवड्यात आपण संगीत नाटकातल्या गाणाऱ्या नट्यांपाशी थांबलो होतो. आता दूरचित्रवाणीकडे वळू, पण त्याआधी तुलनेसाठी रंगभूमीवर एक नजर.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, करडीच्या पंचक्रोशीत शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं नाटक उभं राहतं, तेव्हा त्यात गाणी असणारच, हे प्रेक्षकानं धरलेलं असतं. ऑर्गन आणि तबला मंचाजवळच असतात. दूरचित्रवाणी मालिकेला मात्र नटीच्या गळ्याची गरजच नाही. शीर्षकगीत पार्श्वगायक गातो, नटी फक्त संवाद बोलते. मग गाणं शिकलेल्या नटीची तालीम वाया जाते का?

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण अभिनेत्री भारती आचरेकर. त्यांच्या आई, गायिका माणिक वर्मा, किराणा घराण्याच्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या. १९७४ साली पद्मश्री. घरात सूर असा मुरलेला. भारतीताई रंगभूमीवर आल्या त्याही 'धन्य ते गायनी कळा' या संगीत नाटकातून. पुढे विजया मेहता यांनी बसवलेलं 'हमिदाबाईची कोठी' आलं. ते कोठीवरच्या गाणाऱ्या बायकांचंच नाटक.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' सुरू झाली. कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं. अंजन श्रीवास्तव वागळे, भारतीताई त्यांची बायको राधिका. महिनाअखेरीची ओढाताण, शेजारीपाजारी, साहेबाची भीती. यात गाण्याला जागा कुठली? पण राधिकेचं बोलणं ऐका. नवऱ्यावर चिडतानाही तिचा आवाज फाटत नाही. वाक्य चढतं, क्षणभर थांबतं आणि नेमक्या शब्दावर उतरतं. ही समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेची, जाण आहे. श्वास कुठं घ्यायचा आणि कुठं राखायचा, हे ख्याल शिकताना अंगवळणी पडतं. संवाद पाठ करून ते येत नाही.

या तयार गळ्याची खरी परीक्षा २०१३ च्या 'द लंचबॉक्स'मध्ये झाली. रितेश बत्रा यांच्या या चित्रपटात देशपांडे आँटी वरच्या मजल्यावर राहतात आणि एकदाही दिसत नाहीत. खालच्या स्वयंपाकघरात इला, म्हणजे निमरत कौर, फोडणी देते आणि खिडकीतून वर बोलते. उत्तर येतं ते नुसत्या आवाजात. अंथरुणाला खिळलेला नवरा, फिरणारा पंखा, मसाल्याची सूचना, 'साजन'ची कॅसेट; एवढ्यावर भारतीताई एक आख्खं घर उभं करतात. चेहरा, हात, डोळे, काहीच हाताशी नाही. अशा वेळी नटीकडे गळाच उरतो, आणि तो तयार असावा लागतो.

२०२१ मध्ये 'वागळे की दुनिया' सोनी सबवर नव्या पिढीसह परत आली. राधिका वागळे पुन्हा भारतीताईच होत्या, या वेळी आजीच्या भूमिकेत. आवाज वयानं थोडा जड झाला होता, पण वाक्याचं उतरणं तेव्हाही समेवरच होतं.

(पुढील लेखांकात : माणिकताईंची दुसरी अभिनेत्री कन्या, वंदना गुप्ते)